बाबांच्या बसला लावलेले मोड

कॉम्प्युटर माझा आहे, पण त्याच्यासमोरची खुर्ची आता बाबांची आहे. मी परळच्या ऑफिसातून घरी येते, चपला काढते, आणि आतून आवाज येतो, "आलीस? जरा गाडी बघ. हॉर्न वाजत नाही." आधी पाणी पिऊ का, असं विचारायची सोय नाही. बाबा उभा जन्म बसचे ड्रायव्हर होते. गाडीत बिघाड असताना ती रस्त्यावर काढायची नाही, हा त्यांचा धर्म. मग ती गाडी पडद्यावरची का असेना.

हे सगळं सुरू झालं बाबांच्या आजारापासून. त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. पाय लवकर सुधारला, काठी घेऊन घरभर फिरायला लागले. बोलणं तर पहिल्या दिवसापासून ठणठणीत होतं. हात मात्र रुसला. व्यायाम शिकवायला ज्या फिजिओथेरपिस्ट बाई येतात त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला. बाबांनी तो खिडकीत ठेवून दिला. "मी काय तान्हं बाळ आहे, चेंडू खेळायला?" बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "यांना ज्याची गोडी आहे असं काहीतरी शोधा. दोन्ही हात लागतील असं."

बाबांना गोडी कशाची आहे हे मला ठाऊक होतं. त्यांना स्कूटर हवी होती.

आमची नायगावची चाळ पाडली. नवी इमारत होईपर्यंत आम्ही अँटॉप हिलला भाड्याने राहतोय. बाबांचे सगळे दोस्त असेच इकडेतिकडे विखुरले, पण संध्याकाळी जमेल तो नायगावला जातो. चाळीच्या जागेला पत्रे ठोकलेत, त्या पत्र्यांसमोर सगळे म्हातारे उभे राहतात आणि कितवा मजला झाला यावर वाद घालतात. आजारापूर्वी बाबा रोज स्कूटरवरून तिथे जायचे. आता स्कूटर बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. "बसने जा ना," असं मी एकदा म्हणून बघितलं. बाबा माझ्याकडे असे बघत राहिले की मीच विषय बदलला. थोड्या वेळाने म्हणाले, "मी ड्रायव्हर आहे. पॅसेंजर नाही."

टॅक्सीनेही नको. कुणी न्यायला आणायला नको. स्वतः जाणार, स्वतः येणार. बाईंनी त्यांना सांगून ठेवलं होतं की हात नीट चालायला लागला की बघू. त्यातलं 'बघू' बाबांनी ऐकलं नाही, बाकीचं ऐकलं.

मी गेली कित्येक वर्षं गेम खेळते. लग्न झालेल्या मैत्रिणी मुलांच्या परीक्षांविषयी बोलतात तेव्हा मी गप्प बसते, कारण माझ्याकडे सांगण्यासारखं जे असतं ते त्यांना सांगून उपयोग नसतो. तर बस चालवायचा एक गेम मला माहीत होता. खेळण्यातलं स्टिअरिंग आणि पायाखालचे ब्रेक-ॲक्सिलरेटर आणले, टेबलाला घट्ट अडकवले आणि बाबांना बसवलं. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. डावा हात घसरत होता, त्यांनी तो उजव्या हाताने उचलून परत ठेवला. मला वाटलं, चला, जमलं.

कुठलं जमतंय! बाबा पाचेक मिनिटं चालवून थांबले.

"हा कुठला देश?"

"परदेश आहे बाबा. गेम तिकडचा आहे."

"गाड्या उजव्या बाजूने चालल्यात. स्टिअरिंग डावीकडे. हे सगळं उलटं आहे. माझा हात बिघडेल असल्याने."

म्हणून मी मोड शोधायला लागले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: मोड म्हणजे गेममध्ये बाहेरून घातलेली भर. गेम बनवणारी कंपनी वेगळी, आणि मोड बनवणारे जगभरचे हौशी लोक वेगळे. कुणी नवी बस बनवतं, कुणी रस्ते, कुणी झाडं, कुणी माणसं. फाइल उतरवून घ्यायची, नेमक्या फोल्डरमध्ये ठेवायची, की गेममध्ये ती गोष्ट दिसते. ऐकायला सोपं आहे. एक मोड लावणं सोपं आहेच. अनेक मोड एकत्र नांदवणं म्हणजे एका खोलीत चार जावांचा संसार. एकीने डबा हलवला की दुसरीला झोंबतं.

पहिला मोड रस्त्यांचा. त्याने सगळी वाहतूक डाव्या बाजूने चालायला लागली, फुटपाथ, पाट्या, सिग्नल सगळं आपल्यासारखं. मग उजवीकडे स्टिअरिंग असलेली बस. मग तिचा लाल रंग, कारण बाबांना हिरवी बस चालवणं म्हणजे दुसऱ्याचा शर्ट घालण्यासारखं वाटत होतं. मग हातगाड्या, टॅक्स्या, भिंतीवरच्या जाहिराती. एका मोडमध्ये रिक्षा आल्या. बाबांनी ब्रेक दाबला.

"इथे रिक्षा कुठून आली?"

"भारतातल्या गाड्यांचा मोड आहे. त्यात रिक्षा असणारच."

"सायनच्या अलीकडे रिक्षा येत नाही. काढ."

रिक्षा काढायला माझा अख्खा रविवार गेला. त्या मोडमधून फक्त रिक्षा बाजूला काढायच्या तर फाइल उघडून आत हात घालावा लागला, आणि हात घातला तशा टॅक्स्यांची चाकं नाहीशी झाली. काळ्या-पिवळ्या टॅक्स्या बिनचाकांच्या, जमिनीवरून घसरत चालल्यात, आणि मागे बसलेले बाबा हसतायत. झटक्यानंतर ते पहिल्यांदा असे हसले. तो रविवार वाया गेला असं मी कधी म्हटलं नाही, पण मान मात्र पुढचा आठवडाभर धरली होती.

मोडच्या बाबतीत मी शिस्तीची आहे. अनोळखी साइटवरून काही उतरवायचं नाही. ज्याच्याखाली लोकांनी बरं-वाईट लिहिलंय तेच घ्यायचं, आणि ते लिहिलेलं आधी वाचायचं. मोड म्हणून कुणी डबल क्लिक करून चालवायचा प्रोग्राम देत असेल तर तो दारातूनच परत पाठवायचा, कारण रंग बदलायला प्रोग्राम लागत नाही. एका वेळी एकच मोड लावायचा, गेम चालवून बघायचा, मग दुसरा. आणि काहीही करण्याआधी सेव्ह केलेल्या गेमची प्रत दुसरीकडे काढून ठेवायची. गेमचं आपोआप होणारं अपडेट बंद ठेवायचं. नाहीतर कंपनी एके सकाळी गेम बदलते आणि आपले मोड जागच्या जागी मरतात. मोडांचा क्रमही महत्त्वाचा. नंतर लागतो तो आधीच्यावर चढतो, म्हणून रस्ते आधी, माणसं शेवटी.

हे सगळं मी बाबांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. "म्हणजे डेपोसारखंच. गाडी हातात घ्यायच्या आधी ब्रेक बघायचा, हॉर्न बघायचा, बिघाड असेल तर लिहून द्यायचा. लिहून नाही दिलं आणि पुढे काही झालं, तर जबाबदार ड्रायव्हर." तेव्हापासून ते रोज मला बिघाड सांगायला लागले. आरसा धूसर आहे. वायपर उशिरा फिरतो. तिसऱ्या स्टॉपसमोरची, पलीकडची झाडं हवेत तरंगतायत. मी दिवसभर ऑफिसात लोकांच्या तक्रारी निस्तरते आणि घरी येऊन बसच्या. मी दमले होते. हे सांगायला लाज कसली? कधी कधी जिना चढताना वाटायचं, आज गेम उघडूच नये, वीज जावी.

पण डावा हात चालायला लागला होता. तो आता स्टिअरिंगवरून घसरत नव्हता. बाई खूश झाल्या, बाबा तर त्यांच्याहून खूश. आई तेवढी कुरकुरायची. "दिवसभर काय ता घुर्र घुर्र! माका कूकराची शिटी ऐकाक येना नाय." आई कोकणातून लग्न होऊन आली त्याला जमाना झाला, पण रागात ती अजून मालवणीच बोलते.

माणसांचा मोड मी सर्वांत शेवटी लावला. बाबांनीच मागितला होता. "रस्त्यावर माणसंच नाहीत. हे काय शहर आहे? कर्फ्यू लागल्यासारखं वाटतं." मोडच्या खाली बनवणाऱ्याने स्वच्छ लिहिलं होतं की बसची माणसाला धडक बसली तर गेम बंद पडू शकतो. मी विचार केला, बाबांच्या हातून कसली धडक बसते! सगळ्या नोकरीत त्यांच्या गाडीने कधी कुणाला ओरखडा काढला नव्हता. मोड लागला. फुटपाथ भरून गेले. बाबा आनंदाने हॉर्न वाजवत निघाले.

मी स्वयंपाकघरात आईला भाजी निवडून देत होते. हॉर्न थांबला. घुर्र घुर्र थांबली. बाहेर येऊन बघते तर पडदा काळा, आणि बाबा स्टिअरिंग धरून तसेच बसलेले.

"माणूस आला," बाबा म्हणाले. "अचानक उगवला. मला दिसलाच नाही."

"बाबा, गेम हँग झालाय. मी परत चालू करते. तोवर चहा घ्या."

ते उठले नाहीत. चहा टेबलावर निवला. आईने जेवायला बोलावलं, तरी उठले नाहीत. मी हात धरला तर तो त्यांनी सोडवून घेतला. "ॲक्सिडेंट झाला की ड्रायव्हर गाडी सोडून जात नाही. जो जातो तो पळाला असं धरतात. इन्स्पेक्टर येईपर्यंत जागेवर थांबायचं."

"अहो बाबा, गेम आहे तो!"

"गेम आहे हे मला कळतं गं. झटका आलाय, वेड नाही लागलेलं." ते काळ्या पडद्याकडेच बघत होते. "पण मला तो दिसला कसा नाही?"

मी म्हटलं, मोड खराब आहे. खरंच मला तसंच वाटत होतं. मोडवाल्या गेममध्ये गोष्टी हवेतून उगवतात, हा रोजचा अनुभव आहे. कॉम्प्युटरवर ओझं जास्त झालं की समोरची गाडी, खांब, माणूस पडद्यावर उशिरा उमटतो. आधी रस्ता मोकळा दिसतो आणि मग एकदम नाकासमोर काहीतरी. "ड्रायव्हरची चूक नाही," मी म्हणाले. "गाडीची चूक आहे. मी शोधून काढते."

"चौकशी कर," बाबा म्हणाले. "आधी गाडी तपासतात, मग ड्रायव्हर. पद्धत आहे." एवढं बोलून ते उठले आणि जेवायला बसले. इन्स्पेक्टर मी झाले.

खराब मोड शोधायची रीत कंटाळवाणी आहे, पण खात्रीची. माणसांचा मोड तेवढा चालू ठेवायचा, बाकीच्यांतले अर्धे बंद करायचे, गेम चालवायचा. धडक झाली तर चोर चालू असलेल्या अर्ध्यांत, नाही झाली तर बंद केलेल्यांत. मग ज्या अर्ध्यांत चोर आहे त्यांचे पुन्हा अर्धे. असं करत करत एकावर यायचं. दर वेळी गेम नव्याने उघडायचा, बस डेपोतून काढायची आणि तोच रस्ता पुन्हा चालवायचा. चालवायचं बाबांनी, कारण त्यांचा आग्रह होता की ज्याच्या हातून घडलं त्यानेच चालवून दाखवायचं. मी मागे स्टुलावर. ऑफिसातून आल्यावर जमेल तेवढं, सुट्टीच्या दिवशी सकाळपासून. आई अधूनमधून दारात यायची. "मगे? गावलो काय चोर?" मी मान हलवायचे. एकेका फेरीत बाबांचा आवाज बारीक होत चालला होता. धडक झाली की ते पडद्याकडे बघून "माफ करा" म्हणायचे. कुणाला म्हणायचे कोण जाणे. मला ते ऐकवत नव्हतं.

चोर सापडला. आणि तो निघाला माझा सगळ्यांत पहिला मोड, रस्त्यांचा. तो बंद केला, गेमची मूळची उलटी वाहतूक परत आली, फुटपाथ उजव्या हाताला गेला, माणसं तीच, गर्दी तीच, आणि बाबांनी पूर्ण रस्ता एकही धक्का न लावता पार केला. परत केला. तिसऱ्यांदा केला. तो मोड पुन्हा लावला की फुटपाथ डावीकडे, आणि पहिल्या दोन-तीन स्टॉपांतच कुणीतरी चाकाखाली.

बाबांना कोण आनंद झाला! "म्हणजे ड्रायव्हर निर्दोष."

"निर्दोष," मी म्हटलं.

"उलट्या देशात, उलट्या रस्त्यावर मी स्वच्छ चालवतोय. आता बोल. येत्या रविवारी स्कूटर काढतो. किल्ली कुठाय?"

मी म्हटलं रविवार येऊ दे. त्यांनी दोस्तांना फोनही लावला, रविवारी येतोय म्हणून.

मला मात्र तो मोड सोडवत नव्हता. इतके दिवस नीट चाललेला मोड एकदम कसा बिघडला? मी तो काढून पुन्हा उतरवला. त्याची जुनी आवृत्ती लावली. क्रम बदलून पाहिला. त्याच्याखाली लोकांनी लिहिलेलं पहिल्यापासून वाचलं. कुणीच माणसं उगवतात म्हणून तक्रार केलेली नव्हती. मग माझ्या लक्षात आलं की इतक्या साऱ्या फेऱ्यांत मी स्वतः एकदाही चालवलेलं नाही. बाबा दुपारचे झोपले होते. मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि सगळे मोड लावून बस बाहेर काढली.

काहीच झालं नाही. फुटपाथवरची माणसं मला लांबून दिसत होती. छत्रीवाली बाई, पिशवी घेतलेला म्हातारा. म्हातारा फुटपाथवरून उतरला, मी ब्रेक मारला, तो निवांत रस्ता ओलांडून गेला. कुणीही हवेतून उगवत नव्हतं. मी पुन्हा चालवलं, जोरात चालवलं, मुद्दाम डावीकडे चिकटून चालवलं. माणसं होती तिथेच होती, अगदी सुरुवातीपासून.

आई दाराशी येऊन उभी राहिली होती. "तू चलवतंस तेवा कोण आडवो येना नाय तो."

आई सहज बोलली आणि आत गेली. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. मोडमध्ये काही खोट नव्हती. मोड फक्त फुटपाथ डावीकडे आणत होता.

त्या संध्याकाळी मी बाबांना खाताना बघितलं. रोज बघते, पण त्या दिवशी नीट बघितलं. ताटाच्या उजवीकडची भाजी संपली होती, भात संपला होता. डावीकडे चटणी, लिंबाची फोड, कोशिंबीर जशीच्या तशी. बाबा उठले आणि हात धुवायला गेले. आई ताट उचलता उचलता पुटपुटली, "ह्येंका माज्या हातची चटणी नको झाली आता." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला आठवलं, ती हे याआधीही म्हणाली होती, लालबागहून आणलेला मसाला यंदा बरोबर नाही म्हणून तिने दुकानदाराला बोलही लावले होते. बाबा सकाळी पेपर वाचताना वैतागतात की हल्ली वाक्यं अर्धवट छापतात, तेही आठवलं. दवाखान्यात डोळे तपासले तेव्हा त्यांनी समोरच्या फळ्यावरची अक्षरं वाचून दाखवली होती. समोरचं त्यांना दिसतं. म्हणून कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

गप्प बसणं सोपं होतं. रस्त्यांचा मोड काढून टाकायचा, बाबांना उलट्या देशात निर्दोष चालवू द्यायचं, हाताचा व्यायाम चालू. मला खरोखर तसं करावंसं वाटलं. मी इतकी थकले होते की आणखी एक दुःख उलगडून बघायचं बळ माझ्यात नव्हतं. पण रविवारी स्कूटर निघणार होती. आणि अँटॉप हिलपासून नायगावपर्यंतचा सगळा फुटपाथ डावीकडे आहे.

मी व्यायामाच्या बाईंना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, असं होतं, झटक्यानंतर डोळे चांगले असतात पण एका बाजूचं मेंदूपर्यंत पोचत नाही, आणि गंमत म्हणजे माणसाला पोचत नाही हेही कळत नाही. त्यांनी मोठ्या दवाखान्यात नीट तपासणी करायला सांगितली, आणि त्याआधी घरी करून बघायची एक साधी परीक्षा फोनवर समजावली.

रविवारी सकाळी बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. डाव्या गालावर साबणाचा फेस तसाच होता आणि केसांचे खुंट तसेच. मी टॉवेलने फेस पुसला. "किल्ली," बाबांनी हात पुढे केला.

"बाबा, आधी बसा. चौकशी अजून संपलेली नाही."

"सापडला ना तो मोड?"

"त्या मोडची चूक नव्हती. मी स्वतः चालवून बघितलं. कुणीच धडकलं नाही."

बाबा चिडतील असं मला वाटलं होतं. खिडकीतून खाली स्कूटरचं कव्हर दिसतं, तिकडे त्यांनी बघितलं. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले, पाठ ताठ, हात मांडीवर. डेपोत साहेबांसमोर असेच बसत असतील.

"म्हणजे गाडी तपासून झाली," ते म्हणाले. "मग तपास ड्रायव्हरला. काय करायचं?"

"माझ्या नाकाकडे बघत राहायचं. डोळे हलवायचे नाहीत. मी बाजूला हात धरून बोटं हलवीन. दिसली की सांगा."

"एवढंच? आणि बोटं दिसली तर मी निघालो. नायगावला सगळे थांबलेत."

"दिसली तर किल्ली तुमची."

"आणि नाही दिसली तर तुझी. पुन्हा मागणार नाही." त्यांनी आईकडे बघितलं, साक्षीदार म्हणून. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

आधी मी माझा डावा हात वर केला, त्यांच्या उजवीकडे. बोटं हलवली न हलवली तोच बाबा म्हणाले, "दिसली. हे काय, दिसली!" आणि आईकडे बघून हसले. मी म्हटलं, नाकाकडे बघा. त्यांनी लगेच मान सरळ केली आणि शाळेतल्या मुलासारखे डोळे माझ्या नाकावर रोखले.

मग मी उजवा हात वर केला, त्यांच्या डावीकडे, आणि बोटं हलवायला लागले. जवळ आणलं. अजून जवळ आणलं. बाबा अगदी मन लावून माझ्या नाकाकडे बघत होते. पापणीही लवली नाही. चेहऱ्यावर अजून ते मघाचं हसू होतं. आईने पदर तोंडात धरला.

"कर ना गं चालू," बाबा म्हणाले. "केव्हाचा वाट बघतोय."